तार मुंबईला जाते, परत कधी येते?

बऱ्याच जणांनी सांगितलं की आकडे असलेला भाग ऐकल्यावर पुन्हा वाचायलाही हवा असतो. म्हणून हा भाग इथं लिहून ठेवतोय. बोललो तसाच आहे, फक्त मागून गेलेल्या ट्रकांचे हॉर्न काढलेत.

हॉर्न असायचं कारण म्हणजे हा भाग मी चारोटी नाक्यावर उभा राहून रेकॉर्ड केला. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून गेला असाल तर चारोटी तुम्ही पाहिलंय, नाव लक्षात नसेल एवढंच. इथून पश्चिमेला वळलं की डहाणू, पूर्वेला वळलं की कासा आणि पुढं जव्हारचा घाट. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी. आणि मान वर केली की कुठं ना कुठं तारा. घरांना जाणाऱ्या नव्हेत, मोठ्या मनोऱ्यांवरच्या, हायलाइनच्या.

लहानपणी आजीबरोबर शेतावरून येताना ती या तारांकडे बघून विचारायची, "ही कुठं जाते रे?" मी शहाणपणानं सांगायचो, "मुंबईला." एकदा तिनं पुढचा प्रश्न विचारला, "मग परत कधी येते?"

आम्ही पोरं खूप हसलो होतो. पण तिचा हिशेब सरळ होता. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, वसईला, भिवंडीला कामाला जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. जे जातं ते परत येतं. न येऊन सांगतंय कुणाला?

पुढं आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला तेव्हा कळलं की विजेबद्दल विचारता येणारा सगळ्यात मोठा प्रश्न आजीनं विचारला होता. वीज परत आली नाही तर ती गेलेलीच नसते. आजचा भाग या एका वाक्यावर आहे.

आता थोडं मागं जाऊ, इटलीत. साल 1800. अलेस्सांद्रो व्होल्टा नावाचा प्राध्यापक लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवतो की त्यानं जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले, आणि या चळतीच्या दोन टोकांना हात लावला की झटका बसतो. पुन्हा लावला की पुन्हा बसतो. त्याआधीची वीज म्हणजे घासून तयार केलेली ठिणगी, एकदा चमकली की संपली. व्होल्टाच्या चळतीतून ती वाहत राहिली. आपल्या बॅटरीची ही पणजी.

पण त्यातली बारीक गोष्ट बघा. झटका बसायला दोन हात लागतात. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. मधला माणूस म्हणजे तार. शाळेत आपण ज्याला 'परिपथ' म्हणतो, तो असा माणसाच्या अंगातून पूर्ण झाला होता. 'परि' म्हणजे भोवती. निघालेली वाट फिरून त्याच जागी यायला हवी. कुठंही फट पडली, अगदी केसाएवढी, की सगळ्या वाटेवरचा प्रवाह त्याच क्षणी थांबतो. बटण म्हणजे तरी काय? आपल्या मर्जीनं पाडता येणारी फट.

हे मी टॉर्च मोडून शिकलो. घरात वीज नव्हती, त्यामुळे टॉर्च ही मोठी वस्तू होती आणि ती मोडल्याबद्दल मारही तसाच मिळाला. दोन सेल, एक छोटा बल्ब, पत्र्याची एक पट्टी. सेल दीड-दीड व्होल्टचे, म्हणजे मिळून तीन. बल्बमधून साधारण 0.3 अँपिअर जायचे. व्होल्ट म्हणजे ढकलणारा जोर. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती वाहतंय. आणि वाटेत जी अडवणूक होते तो रोध, त्याचं माप ओहम. तीन व्होल्टला 0.3 नं भागलं की दहा ओहम. झालं, यालाच ओहमचा नियम म्हणतात.

गेओर्ग ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. 1827 मध्ये त्यानं हा नियम पुस्तकात मांडला आणि तिथल्या विद्वानांनी नाकं मुरडली. इतकी, की त्यानं नोकरी सोडली. मान मिळायला 1841 उजाडलं. त्या साली रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. आज तुमच्या मोबाइलच्या चार्जरपासून डहाणूच्या वीजकेंद्रापर्यंत कुठलाही हिशेब त्याच्या भागाकाराशिवाय होत नाही.

हा भागाकार मुंबईच्या रस्त्यांवर कसा उतरला, ते आता बघू. थोडा वेळ काढा, मजा आहे.

1880 च्या आसपास शहरांमध्ये जे विजेचे दिवे होते ते आर्क दिवे. दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये डोळे दिपवणारा जाळ. ते एकाच तारेवर एकापाठोपाठ एक लावायचे. म्हणजे एकसर जोडणी, सिरीज. सिरीज कशी असते ते महालक्ष्मीच्या जत्रेत जुन्या रोषणाईच्या माळेत बघायला मिळायचं. एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात, आणि मग तो डेकोरेशनवाला एकेक बल्ब पिळून बघत बसायचा. वाट एकच, त्यामुळे एकाची फट ही सगळ्यांची फट.

एडिसनला घराघरांत दिवा द्यायचा होता. शेजाऱ्यानं दिवा मालवला म्हणून माझा विझता कामा नये. म्हणून त्यानं समांतर जोडणी घेतली, पॅरलल. दोन मुख्य तारा पुढं जात राहतात आणि प्रत्येक दिवा त्या दोघींमध्ये स्वतंत्र पूल टाकतो. पण यात एक गोची होती. जेवढे पूल जास्त, तेवढा मुख्य तारेतला प्रवाह जास्त, तेवढं तांबं जाड. आणि तांबं तेव्हाही महागच. इथं त्यानं ओहमचा भागाकार उलटा वापरला. दिव्याचाच रोध वाढवला तर प्रत्येक दिवा कमी प्रवाह ओढेल. म्हणून त्याच्या दिव्याची तार बारीक होती, शंभर ओहमच्या आसपासची, 110 व्होल्टवर चालणारी. एडिसनचा बल्ब सगळ्यांना माहीत असतो. त्या बल्बमागं तांब्याच्या भावाची चिंता होती हे फारसं कुणी सांगत नाही.

4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं केंद्र सुरू झालं. आणि त्याच 1882 मध्ये मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळलं. आपल्याला वाटतं हे सगळं आपल्याकडे शंभर वर्षं उशिरा आलं. मुंबईत नाही आलं उशिरा. 1905 मध्ये बीईएसटी कंपनी उभी राहिली, 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर कमी करायला टाटांनी लोणावळ्याला धरण बांधायला घेतलं. 8 फेब्रुवारी 1911 ला कोनशिला, आणि बरोबर चार वर्षांनी, 8 फेब्रुवारी 1915 ला खोपोलीची वीज सुरू. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची आगगाडी.

मधलं एक साल मुद्दाम सांगतो, 1921. मुळशीला धरण होणार, त्यातून मुंबईला वीज जाणार, आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार. सेनापती बापट आणि मावळे सत्याग्रहाला बसले. धरण झालंच, 1927 मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्रही सुरू झालं. उजेड एका गावाचा आणि जमीन दुसऱ्याची, हा वाद आपल्याकडे विजेइतकाच जुना आहे.

त्या पहिल्या आगगाडीकडे जरा परत चला, कारण आजीच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथं आहे. गाडीच्या वर तार एकच. मग परतीची वाट कुठं? पायाखाली. वीज वरच्या तारेतून पँटोग्राफमधून आत येते, मोटारी फिरवते आणि चाकांतून रुळात उतरून परत जाते. रूळ हीच दुसरी तार. डहाणू रोड स्टेशनवर उभे राहाल तेव्हा बघा. वर 25,000 व्होल्ट आहेत, खाली तिचीच परतीची वाट आहे. तिकडं विरारच्या अलीकडं बरीच वर्षं 1500 व्होल्ट डीसी आणि पलीकडं 25,000 व्होल्ट एसी असा दोन चुलींचा संसार होता. पश्चिम रेल्वेवरचं डीसी 2012 मध्ये पूर्ण संपलं.

आणि आमच्या मनोऱ्यांवरच्या तारा? तिथं तीन तारांचा संच असतो. तीन फेज. तिन्हींतला प्रवाह दिशा बदलत राहतो, पण एकाच वेळी नाही, मागंपुढं. एकीतून जात असतो तेव्हा उरलेल्यांतून येत असतो. प्रत्येक तार दुसरीची परतीची वाट. आपल्याकडे हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. म्हणजे आजी, ती सेकंदात पन्नास वेळा परत येते गं. खरं तर तारेतले इलेक्ट्रॉन मुंबईला जातच नाहीत. ते जागच्या जागी, केसाच्या जाडीइतकेही नाही, पुढंमागं हलतात. जाते ती ऊर्जा. लांब दोर धरून एका टोकानं हिसका दिला की दुसऱ्या टोकाला कळतं, दोर मात्र आपल्याच हातात असतो, तसं काहीसं. पण हे मी आजीला सांगेपर्यंत आजी राहिली नाही.

आता त्या तारेच्या उगमाकडे जाऊ. डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र. 250 मेगावॉटचे दोन संच, एकूण 500 मेगावॉट, 1995 पासून. बांधलं बीएसईएसनं, म्हणजे 1929 मध्ये मुंबईच्या उपनगरांना वीज द्यायला निघालेल्या कंपनीनं. पुढं ते रिलायन्सकडे गेलं, 2018 मध्ये अदानींकडे. हात बदलले तरी गिऱ्हाईक तेच, मुंबईची उपनगरं.

ते होण्याआधी चिकूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी कोर्टाची पायरी चढली होती. 1991 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राची परवानगी कायम ठेवली, आणि त्याच वर्षी 20 जूनला केंद्र सरकारनं अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. म्हणजे मोठं वीजकेंद्रही इथंच आणि नाजूकही हाच तालुका! पुढं न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्यानं धुऊन काढणारी यंत्रणा बसायला मात्र 2007 उजाडलं. माझ्या मते या तालुक्याच्या अलीकडच्या इतिहासात या चिकाटीइतकं मोठं काही घडलेलं नाही. चिकू खाताना आठवण ठेवा.

आता हिशेब. ही वीज 220 केव्हीनं, म्हणजे 2,20,000 व्होल्टनं का पाठवतात? सोपं करण्यासाठी समजा सगळी एकाच जोडतारेतून चाललीय (तीन फेजचा खरा हिशेब थोडा वेगळा, पण गंमत तीच). 500 मेगावॉट म्हणजे 50 कोटी वॉट. घरातल्या 230 व्होल्टनं पाठवायचं तर 50 कोटी भागिले 230, म्हणजे जवळजवळ 22 लाख अँपिअर. अशी तार कुठल्या मनोऱ्यावर ठेवणार? 2,20,000 व्होल्टनं पाठवलं तर सुमारे 2,270 अँपिअर. आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गात वाढते, दुप्पट प्रवाह तर चौपट नासाडी. म्हणजे एकाच तारेत या दोन हिशेबांमधला फरक सुमारे नऊ लाख पटींचा. म्हणून जोर वाढवायचा, प्रवाह कमी करायचा, आणि गावाजवळ आल्यावर ट्रान्सफॉर्मरनं जोर पायरीपायरीनं उतरवायचा. पोलावरच्या त्या गुणगुणणाऱ्या डब्याला आमच्याकडे सगळे 'डीपी' म्हणतात. त्याच्या पोटात 1831 चा फॅरेडे बसलेला आहे. लोखंडावर दोन गुंडाळ्या, एकीत बदलता प्रवाह सोडला की दुसरीत आपोआप उमटतो.

यातच आमच्या लहानपणीच्या कोड्याचं उत्तर आहे. हायलाइन डोक्यावरून जात असताना पाड्यात कंदील का? कारण 2,20,000 व्होल्टच्या तारेतून घरात वायर ओढता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र लागतं, मग 11 केव्हीची लाइन, मग डीपी, मग पोल, मग मीटर. ही साखळी कुठंपर्यंत न्यायची हे ठरवणारं ओहमचं गणित नसतं. ते पैशाचं आणि कागदाचं गणित असतं. आमच्या पाड्यावर मीटर लागले तेव्हा मी सहावीत होतो.

आणि वीज आली त्याच्या तिसऱ्या पावसाळ्यातली ही गोष्ट. ती सांगायलाच खरं तर हा भाग केलाय.

मी नववीत होतो. विजेच्या धड्यावर परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क, सरांनी वर्गात उभं करून कौतुक केलेलं. जुलै महिना, रात्रभर पाऊस. मामाच्या घराला पत्रे. पोलावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेवरून आत जायची, वाऱ्यानं हलत हलत तिचं रबर घासत गेलेलं. कुणाच्या लक्षात नाही. त्याच पत्र्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. सकाळी मामेभाऊ अनवाणी ओल्या अंगणात गेला आणि वाळत घातलेली चादर काढायला त्यानं तारेला हात लावला.

तो ओरडलाही नाही. मूठ उघडेना. मामी त्याला ओढायला धावली आणि शेजारच्या आजोबांनी तिला अक्षरशः ढकलून पाडलं. मग सरपणाच्या ढिगातला आतल्या बाजूचा सुका बांबू घेऊन त्यांनी तारेवर मारला. हात सुटला. हे आजोबा शाळेत कधी गेले नव्हते. मी मात्र तिथंच उभा होतो, पैकीच्या पैकी मार्क घेतलेला, आणि मला काहीही सुचलं नाही.

भाऊ वाचला. उजव्या हाताची दोन बोटं आजही सरळ होत नाहीत.

मला तेव्हा कळेना की त्यानं तर एकाच तारेला हात लावला होता! पुस्तकातल्या चित्रात दोन तारा असतात. सेलचं एक टोक, दुसरं टोक. मग परिपथ पूर्ण कसा झाला? चिमण्या बसतात की एका तारेवर आरामात.

उत्तर पायाखाली होतं, रेल्वेच्या रुळासारखं. डीपीजवळ न्यूट्रलची तार मुद्दाम जमिनीत गाडलेली असते. म्हणजे सगळी ओली जमीन ही परतीच्या तारेला जोडलेली आहे. फेजला हात लागला आणि पाय जमिनीवर असले की परिपथ पूर्ण. चिमणीचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, जमिनीशी तिचा संबंध नसतो, म्हणून ती वाचते.

जमिनीची ही करामत जुनी आहे. 1838 मध्ये श्टाइनहाइल नावाच्या जर्मन संशोधकाला तारयंत्रावर काम करताना कळलं की परतीची तार टाकायची गरजच नाही, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले की जमीनच ते काम करते. तारखात्यांची अर्धी तार वाचली. त्याच जमिनीनं त्या सकाळी आमच्या अंगणात अर्धी तार पुरवली.

आता ओहमचा तोच भागाकार माणसावर करा. ओल्या अंगाचा रोध धरा हजार ओहम. 230 व्होल्ट भागिले हजार म्हणजे 0.23 अँपिअर. आठवतंय, माझ्या टॉर्चच्या बल्बातून किती जायचे? 0.3. म्हणजे टॉर्चचा चिमुकला बल्ब पेटवायला जेवढा प्रवाह लागतो, त्याहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकतं. टॉर्चच्या सेलला हात लावून काही होत नाही, कारण तीन व्होल्टचा जोर आपल्या अंगातून एवढा प्रवाह ढकलूच शकत नाही. 'किती व्होल्टचा शॉक' असं आपण म्हणतो, पण इजा ठरते अंगातून किती गेलं आणि किती वेळ गेलं यावर.

म्हणूनच फ्यूज किंवा एमसीबी आपल्याला अशा वेळी वाचवत नाही. ती सहा किंवा दहा अँपिअरला पडते, तिचं काम तारा जळू नयेत एवढंच. तिच्या हिशेबी 0.23 म्हणजे एक मोठासा बल्ब लागलाय. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. ते फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून बघतं. 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 चा फरक दिसला की धाडकन बंद. आजीचाच प्रश्न विचारत बसणारं यंत्र आहे ते: जेवढी गेली तेवढी परत आली का?

एक शेवटची गोष्ट आजीसाठी. 12 ऑक्टोबर 2020, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, सगळा देश बातम्या बघत होता. त्या गोंधळात डहाणूचं केंद्र बाकीच्या जाळ्यापासून सुटं होऊन चालू राहिलं. याला आयलँडिंग म्हणतात, बेट करून राहणं. तिथून मुंबईतल्या अत्यावश्यक सेवांना 385 मेगावॉट वीज जात असल्याचं कंपनीनं त्या दिवशी जाहीर केलं. मी तेव्हा मामाकडे होतो. कुणीतरी मोबाइलवर ती बातमी मोठ्यानं वाचली. आमच्याकडे आदल्या रात्रीपासून लाइट नव्हती. मामा म्हणाला, "बघ, आपली तार कामाला गेली." आणि मग सगळेच हसले.

मामाच्या घरी आता आरसीसीबी आहे, मीच बसवली. सर्व्हिस वायर पाइपातून घेतलीय, कपड्यांना नायलॉनची दोरी. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात तिथली जमीन सुकली की तिचा रोध वाढतो, म्हणून मामी रोज भांडी घासलेलं पाणी तिथं ओतते. एप्रिलमध्ये गेलो होतो तर भाऊ वाकड्या बोटांनी तिथं मीठ टाकत होता. यूट्यूबवर बघितलं म्हणे. मी म्हटलं, बरोबर आहे, टाक अजून थोडं.

पुढच्या भागात तारापूर, 1969. तोपर्यंत घरातल्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि पडली नाही, तर वायरमनला बोलवा.